पणजोबांचं जाकीट

आमच्या शेजारची एल्सपेथ रॅट्रे जन्मभर शाळेची बस चालवत होती. तिच्या बसमध्ये पोरं चिडीचूप बसायची, आणि माझ्यासारखी तोंडाळ बाईही तिच्यापुढे दोन पावलं मागेच सरते.

वादळात तिच्या पणजोबांच्या थडग्यावरचा दगड फुटला. नवा करायला टाकला, तर कारागीर म्हणाला, सोमवारपर्यंत मजकूर द्या. आमच्याकडे दगडावर आधी पुरुषाचं नाव आणि काम, खाली 'आणि त्याची बायको' अमुक. घरात ऐकत आली तसं एल्सपेथला हवं होतं, 'मर्डो रॅट्रे, गेमकीपर'. जमीनदाराचं रान राखणारा माणूस म्हणजे मानाचा. पण कुठल्याच इस्टेटीला मर्डो ठाऊक नव्हता.

तिचा भाऊ आर्ची चहा ढवळत म्हणाला, "राखणदार कसला, ससे चोरत असेल. दगडावर खोटं कोरू नकोस, ताई."

इतका राग आला मला त्या आर्चीचा! घरी येऊन एल्सपेथ पेटीतलं पणजोबांचं जाड लोकरी ट्वीडचं जाकीट मांडीवर घेऊन बसली. घरात ते इतकं जपलेलं, की कुणी कधी अंगातही घातलं नव्हतं. मी म्हटलं, अगं, नाव कशाला विचारत फिरतेस, कापड दाखव ना! प्रत्येक इस्टेटीच्या कापडाची चौकडी वेगळी, आणि ते कापड तिच्या नोकरांशिवाय कुणी घालायचं नाही.

गिरणीतल्या विणकराने शेवाळी कापडावरची मोहरीच्या रंगाची रेघ पाहिली आणि लगेच ग्लेन आर्डन इस्टेटीचं नाव घेतलं. शनिवारी आम्ही तिघं तिथे. आर्चीही आला, हसायला मिळेल म्हणून.

तिथला निवृत्त राखणदार लॅकी मेन्झीस याने जाकीट उजेडात धरलं. कापड आमचंच, म्हणाला. एल्सपेथचा चेहरा असा फुलला! मग त्याने पुढची बाजू पुन्हा निरखली.

"पण बाई, बटणं डावीकडे आहेत. हे बाईचं जाकीट आहे."

आर्ची खो खो हसला. लॅकी मात्र हसला नाही. त्याची आजी सांगायची, लढाईत गडी गेले तेव्हा जेसी नावाच्या बाईने हे सगळं रान राखलं. गडी परत आले तरी मालकाने तिलाच ठेवलं. छातीच्या दुखण्याने नवरा घरीच असायचा. पोरं त्यानेच सांभाळली, आणि त्याच्या हातचे स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे गोडसर पाव, खायला अख्खी दरी यायची.

मर्डोची बायको जेसी, म्हणजे एल्सपेथची पणजी! एल्सपेथ जाकीट छातीशी धरून रडली. बसवालीला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. आर्चीने मुकाट्याने रुमाल पुढे केला.

सोमवारी कारागिराने पेन्सिल काढली. एल्सपेथने सांगितलं, "वर लिही, 'जेसी रॅट्रे, गेमकीपर'."

"आणि मर्डोचं काय?"

"त्याच्या खाली लिही, 'आणि तिचा नवरा, मर्डो'."