हिंगाच्या डबीतला वेलचीचा धूर

बहरीनमध्ये हिंगाच्या डबीतून धूर काढून दाखवणारा पहिला माणूस मी. दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याला खांद्यावर घेऊन अख्ख्या गुदैबिया मोहल्ल्यात मिरवीन. पांढरी प्लॅस्टिकची डबी, आत मेलेल्या लॅपटॉपमधली बॅटरी, वर तारेचं वेटोळं, वेटोळ्यात कापूस आणि तळाशी डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली. बाटली बोटाने दाबली की आतला ई-सिगारेटचा रस नळीतून वर कापसात चढायचा, सोडली की उरलेला गुपचूप खाली यायचा. बटण दाबून झुरका मारला की असा ढग सुटायचा, की समोरच्या इमारतीतल्या बायका पाऊस आला म्हणून वाळत घातलेले कपडे आत घ्यायच्या.

हा खटाटोप माझ्या रूम पार्टनरसाठी होता. तो रत्नागिरीकडचा, मआमीरच्या एका वर्कशॉपमध्ये फॅब्रिकेटर. त्याला दुसऱ्या कंपनीत फोरमनची जागा मिळत होती आणि त्या जागेवर बायकोचा व्हिसा निघणार होता. एकोणीस वर्षांचा संसार त्या दोघांनी फोनवर केलेला. झिंजला त्याने फ्लॅट बघून ठेवला होता, गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी कुठे बसेल तेसुद्धा वितीने मोजून आला होता. भाभींची, म्हणजे त्याच्या बायकोची, अट एकच होती: त्या विमानात बसायच्या आत त्याची सिगारेट सुटली पाहिजे.

"काळजी सोड," मी म्हणालो. "आमच्या सित्र्याच्या गॅस प्लांटमध्ये कुठल्या पाइपातून किती जायचं ते कोण ठरवतं? मी नुसतं डोळे वटारले तरी व्हॉल्व्ह बंद होतो."

"मग मेल्या, आपल्या मोरीच्या नळाकडे पन वटार जरा. महिना झाला गळतोय."

डबीचे पहिले चार दिवस हिंगाचे गेले. "फोडणी ओढल्यागत वाटतंय रे," तो म्हणायचा. मग दुकानातले रस आणले, आंबा, पुदिना, कसली तरी बेरी. त्याला एकही पटेना. त्याला हवा होता घरच्या चहाचा वास, वेलचीचा. आणि मी, ज्याने आयुष्यात कुणाला 'जमणार नाही' म्हटलेलं नाही, खालच्या ग्रोसरीतून मिठाईत घालायचा वेलचीचा अर्क घेऊन आलो.

तो रसात मिसळेना. वर तवंग धरून बसला. मी बाटली हलवली, पुन्हा हलवली. दोन दिवसांत नळी चोंदली, कापूस काळा पडला. प्लांटमध्ये फिल्टर चोंदला तर मी आधी विचारतो, काय अडकलंय? घरी विचारलं नाही. घरी मी रुंद नळी बसवली, बाटलीचं तोंड तापल्या सुईने मोठं केलं, आणि रस धो धो चढायला लागला. तो खूश. पाकीट कचऱ्यात टाकताना त्याने मला फोटो काढायला लावला. भाभींनी उत्तरात तीन वेळा 'माशाल्ला' लिहिलं. मी मित्रमंडळींत सांगत सुटलो, की सित्र्यापासून मुहर्रकपर्यंतच्या सिगारेटवाल्यांनी माझ्या नावाने उपास धरलेत.

खोकला तीन आठवड्यांनी सुरू झाला. त्याला वाटलं सिगारेट सुटल्याचा आहे, मीही मान डोलावली. नवी कंपनी म्हणजे नवा व्हिसा, नवा व्हिसा म्हणजे नवं मेडिकल. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पांढरे डाग आले. कंपनीच्या कागदांसाठी सरकारी कचेऱ्या हिंडणारा मंदूब फोनवर म्हणाला, टीबीचा संशय आहे, साफ निघालं तर ठीक, नाहीतर परत इंडिया.

त्याने ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, माझ्याशी बोलताना तो तोंडावर रुमाल धरायला लागला. त्याच्या पलंगाशेजारची खिडकी उघडायला गेलो, तर काच बोटाला चिकटली. आमच्या शेगडीमागच्या फरशीसारखी तेलकट. बोट नाकाला लावलं. वेलची.

काच पुसता पुसता मी त्याला म्हणालो, "अरे, हे टीबी नाही. मी तुला तेल पाजलंय."

"गेल्या हप्त्यात तू च्युइंगमने गॅस थांबवून आख्खं सित्रा वाचवलंस म्हने," तो रुमालाआडून म्हणाला. "आज माजी छाती. आवर रे आता."

दवाखान्यात मी सोबत गेलो. छातीची डॉक्टरीण केरळची, चश्म्यावरून बघणारी. तिने हिंदीत विचारलं, हा काय ओढतो? खोटं बोलायला मला एरवीही तयारी लागत नाही, त्या दिवशी तर ते जिभेवर बसूनच आलं होतं. "दुकानातलं, सीलबंद," मी म्हणालो. घरी केलेल्या यंत्राची चौकशी झाली तर माझा व्हिसा कुठे जाईल, हे डोक्यात होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. तिने लिहून घेतलं आणि टीबीच्या तपासण्या लावल्या.

आठ दिवस तो तपासण्यांच्या रांगेत उभा राहिला आणि मी ड्यूटीवर गेलो. नवव्या दिवशी मी हिंगाची डबी आणि अर्काची बाटली पिशवीत घातली आणि डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवली. तिने लेबल वाचलं, डबीचं झाकण उघडून वास घेतला.

"यह पहले क्यों नहीं बोला?"

मी नळी किती रुंद केली तेही सांगितलं.

थुंकी साफ निघाली, डाग तेलाचेच होते. धूर बंद, औषध सुरू. महिन्याभरात डाग विरळ झाले आणि फिट असा शिक्का बसला. तोपर्यंत मंदूबने फोन केला होता: खलास, जागा भरली. आठ दिवस आधी कागद आले असते तर थांबलो असतो, असंही म्हणाला. ते त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. झिंजचा फ्लॅट दुसऱ्या कुणी घेतला. हा पुन्हा मआमीरच्या वर्कशॉपात, जुन्या जागेवर, दोन मजले चढला की कठडा धरून उभा.

शुक्रवारी नमाजवरून आला, जेवला आणि फोन माझ्या हातात दिला.

"तुज्या भाभीला अजून काय पन सांगितलेला नाय. तूच सांग. कंपनी बुडाली म्हन, काय पन म्हन. तुज्याएवढं कोन रचनार?"

भाभी लाइनवरच होत्या. "बोला भाई."

मी सांगितलं. डबी, तवंग, रुंद केलेली नळी, सीलबंद म्हणालो ते, आठ दिवस. एकही शब्द फुगवला नाही, त्यामुळे सगळं तीन मिनिटांत संपलं. पलीकडे कोंबडी ओरडत होती.

मग त्या म्हणाल्या, "भाई, आनी सिगारेट? ती तरी सुटली ना?"

तो गॅलरीत उभा होता. मला डोळ्यांनी नको नको करत होता.

"नाही भाभी," मी म्हणालो. "परत धरलीय."

"त्याला फोन द्या."

मी गॅलरीत जाऊन दिला. त्याने एका हाताने फोन कानाला लावला आणि पेटलेली सिगारेट धरलेला दुसरा हात झटकन पाठीमागे नेला, जणू भाभी समोरच उभ्या होत्या.