दामिनीच्या पटकथेचा अकोल्यातला प्रयोग

बडनेऱ्याच्या गॅस एजन्सीत काउंटरवर बसणारी दामिनी बरीच वर्षे पटकथांच्या स्पर्धांना प्रवेशिका पाठवत होती. बहुतेक वेळा पोच यायची, पुढे काही नाही. एका परीक्षकाने मात्र शेरा लिहिला होता : वऱ्हाडी बोली विनोदी प्रसंगांपुरती ठेवावी. तिच्या गोष्टीत विनोदी प्रसंग नव्हताच. चिखलदऱ्याच्या घाटात एसटी बंद पडते आणि एकट्या बाई कंडक्टरला बसभर चिडलेले प्रवासी सांभाळावे लागतात, एवढीच गोष्ट. बोली तिने बदलली नाही.

यंदा हीच पटकथा एका स्पर्धेत अंतिम दहांत आली. निवड झाली तर मुंबईत एका दिग्दर्शकाबरोबर काम करायला मिळणार होते. वयाची अट पस्तीस, आणि दामिनीचे चौतिसावे सरत आले होते. तिने मालकाकडे सुट्टीचा विषय काढून ठेवला. रेल्वेतून निवृत्त झालेले वडील नत्थुजी म्हणाले, "जाय. पण वापस येशीन तवा त्या खुर्चीत दुसरी बसली रायली तं मले बोल लावू नको."

बातमी अकोल्याला मामाकडे पोचली. मामेभाऊ पियुष तिथल्या गणेश मंडळाचा सचिव. मंडळाला दरवर्षी एक नाटुकले लागते. घरात लिहिणारे कोणी असले, की त्याचे लिखाण मंडळाचेच धरून चालतात.

"ताई, तो बसमधला सीन देऊन टाक," पियुष फोनवर म्हणाला.

"अरे, तो स्पर्धेत हाय ना."

"मंग? मुंबईवाले येऊन रायले का आपला गणपती पाह्याले?"

मामाच्या मंडळाला नाही म्हणता येते, हे दामिनीला माहीतच नव्हते. तिने प्रसंग दिला आणि बघायलाही गेली. आपली वाक्ये माणसांच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. कंडक्टर झालेली मुलगी दरवाजा अडवून उभी राहिली तेव्हा मांडवातली कुजबुज थांबली.

विसर्जनानंतर स्पर्धेच्या आयोजकांच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. आवाज मऊ होता.

"मॅडम, तुमच्या संहितेतला एक प्रसंग यूट्यूबवर आहे. तुमच्या नावासकट."

"ते आमच्या मंडळाचं... घरचंच होतं."

"संहितेचा कुठलाही भाग सादर झालेला नसावा, असा नियम आहे."

"मी प्रवेशिका भरली तेव्हा नव्हता झाला."

"अंतिम निकालापर्यंत, मॅडम. वाईट वाटतंय."

दामिनीने आधीच्या स्पर्धांचे नियम उघडून पाहिले. अट सगळीकडे होती, शब्द तेवढे वेगळे. या वर्षाचे गेले, हे तिला फोनवरच कळले होते. ही पटकथा आता कुठेच पाठवता येणार नाही, हे तिथे कळले. नवी लिहायला तिला दोन वर्षे लागत.

तिने पियुषला यूट्यूबवरून व्हिडिओ काढून टाकायला सांगायचे ठरवले. फोन त्याचाच आधी आला.

"ताई, लोक पाहूनच रायले! तुयं नाव मोठ्ठं टाकलं ना मी. आयतवारी तुया सत्कार ठेवला. बॅनर छापून झालं."

"पियुष, ते काढून टाक."

"बॅनर? काहून?"

मागे मामी कोणाला तरी सांगत होती, की आमची भाची आता सिनेमात जाणार. दामिनी म्हणाली, "काही नाही. येतो मी."

रविवारी तिने शाल आणि नारळ घेतला. बॅनरवर तिच्या फोटोखाली 'अंतिम दहांत निवड' असे लिहिले होते. दोन शब्द बोला म्हटल्यावर तिने मंडळाचे आभार मानले.

"मुंबईले कवा निघाली मग?" पियुषने माइकवरच विचारले.

"पाहू," ती म्हणाली.

टाळ्या झाल्या. लोकाग्रहास्तव तोच प्रसंग पुन्हा होईल, असे पियुषने जाहीर केले आणि मुले खुर्च्या ओढून बसच्या रांगा लावू लागली.