साहेबांचं 'बघू'

शिक्षण खात्यातल्या दुभाषीबाई म्हणजे दोन भाषांच्या मधे उभं राहून दोन्हीकडची बोलणी खाणारं माणूस. जन्मभर दुसऱ्यांचं बोलल्या, पण शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही. हाच काय तो त्यांचा तोरा. नोकरी कंत्राटी, डोक्यावरचा पंखा खडखड्या, पण तोरा मात्र कायमचा!

एक दिवस परदेशी कंपनीचे पाहुणे आले. शाळांना संगणक फुकट देतो म्हणाले. अट एकच: मुलांचे गुण, आजारपणं, फोटो, सगळं आमच्याकडे ठेवायचं, तसा नियम करा. नियमाचा मसुदाही तेच घेऊन आलेले. केवढी ती काळजी! सचिवसाहेबांना काही ते पटलं नाही, पण तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येई. बशीतलं बिस्किट उगाच फिरवत ते म्हणाले, "बघू."

आता आपल्यात 'बघू' म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी मात्र इमानेइतबारे शब्दाला शब्द दिला: "आम्ही यात लक्ष घालू." पाहुणे खूश! सकाळी पेपरात बातमी, सरकार राजी.

"अगं, पडदे बदलू म्हटलं की तूही 'बघू'च म्हणतेस," घरी नवरा हसला. "अजून तेच लोंबतायत."

बाईंनी पेपराची घडी घालून बाजूला ठेवली. संगणक मिळणाऱ्या शाळांत त्यांच्या धाकटीची शाळाही होती.

साहेबांनी बोलावून घेतलं. बिचारे ओशाळले होते. "मी माघार घेतली तर पाहुणे रुसतील, बाकीची मदतही आटेल. तुमची सांगण्यात काहीतरी चूक झाली, एवढंच म्हणा. पुढे आपण चर्चा चालू ठेवू."

बाईंचे डोळे भरून आले. शब्द कधी न चुकल्याचं नाव ही सगळ्या आयुष्याची कमाई, आणि साहेब तीच मागत होते! बरं म्हणाल्या.

पाहुणे पुन्हा येऊन बसले. "चूक माझी," बाई त्यांच्या भाषेत म्हणाल्या. "साहेबांचं बोलणं मी नीट पोचवलं नाही. साहेब 'नाही' म्हणाले होते."

मग साहेबांकडे वळून आपल्या भाषेत सांगितलं, "तुम्ही नाही म्हणालात, असं सांगितलंय."

साहेबांना दरदरून घाम फुटला. रुमाल शोधला, सापडला नाही. "हो," ते अखेर पुटपुटले, "नाहीच."

बाईंनी तेवढंच पाहुण्यांना सांगितलं. पाहुण्यांच्या प्रमुखाने मसुदा उचलून बॅगेत ठेवला आणि अगदी सभ्यपणे काहीतरी विचारलं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "ते विचारतायत, पुढच्या वेळी दुसरा दुभाषी मिळेल का."