बसका कंदील

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात आत्या राहायची, आणि तिथली सगळी घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी. लातूरच्या क्लासला दिवाळीची सुट्टी लागली तशी मी उड्या मारतच पोचले, आणि आत्याचं समजून भलत्याच दोन घरांत फराळ करून बाहेर पडले!

तिसऱ्या ओट्यावर एक मावशी आकाशकंदील करत बसल्या होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दातांनी दोरा तोडायच्या, खळीची बोटं पदराला पुसायच्या, आणि अख्ख्या गल्लीचे कंदील त्याच करायच्या. एकाचं पोट सुटलेलं, एकाला कुबड, एकाच्या शेपट्या एकाच बाजूला. मला हसू आवरेना.

"थांबा मावशी, आत्यासाठी मीच करते," म्हणत मी पट्टी लावून, मापात चांदणी केली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली.

"लई बेस झालाय की गं," म्हणाल्या, आणि अलगद तिच्यावर बसल्या!

मी किंचाळलेच. त्यांनी चेंबलेली चांदणी माझ्या हातात दिली.

"सरळ कंदील कुणाचा बी असतोय. घरं तर समदी सारखीच दिलीत आमाला. ह्यो आता तुज्या आत्याचा झाला बग."

संध्याकाळी गल्लीभर दिवे लागले. दुकानातून परत येताना मी टोकापासून पळत सुटले ती थेट आत्याच्या दारात. वर कुणीतरी बसून गेलेला कंदील साऱ्या गावात एकच होता.