मामांचं कोमट तेल

माणसाचे झाडून सगळे आजार सांध्यांत शिरलेल्या वाऱ्यानं होतात आणि तो वारा फक्त कोमट तिळाच्या तेलानं निघतो, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या निलंग्यात एकच आहे. आणि ते माझे मामा आहेत. मी लातुरात ‘चमत्कारी उपचारांना भुलू नका’ अशी पत्रकं वाटते. मामा ती हौसेनं मागून घेतात, तेलाच्या वाटीखाली ठेवायला. त्यांच्या खुर्चीवर बसलेला माणूस आपोआप पुढे घसरतो. त्यांच्या वर्तमानपत्राचं पहिलं पान वाचताना मागच्या पानावरचे सोयाबीनचे भाव दिसतात. पाहुण्याला चहाच्या आधी प्रश्न येतो, “टाच दुखून राहिली का?” नाही म्हणणाऱ्याचीही टाच धरली जाते. मास्तरकीच्या पेन्शनीसाठी हयातीच्या दाखल्याला गेले, तर यंत्रावर अंगठाच उमटेना. कारकून म्हणाला, “गुरुजी, यंत्राच्या मतानं तुम्ही न्हाईत.” मामा म्हणाले, “त्यालाच तेल लाव. कसं कुरकुरून राहिलंय!”

त्यांचा कायदा एकच. तेल कोमट पाहिजे. गार तेल म्हणजे विष. वाटी जरा निवली की मालीश थांबायची आणि मामी गॅसकडे पळायची. मामांच्या मालिशीची कीर्ती पार नायगावापर्यंत गेली, पण जन्मभर ते तेल तापवणाऱ्या बाईच्या पाठीला त्यांचं बोट कधी लागलं नाही. यावर मात्र एकही पत्रक निघालेलं नाही.

मालिशीनं अंग मोकळं होतं, झोप लागते, हे मलाही कबूल. पण मागच्या वर्षी मामीचा उजवा हात लकव्यानं गेला, आणि दवाखान्यातून घरी आणल्यावर मामांनी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या फडताळात टाकून ठेवल्या. कळताच मी निलंग्याची एसटी धरली.

“मामा, दुसरा झटका आला तर मामी जाईल. तेलानं रक्तदाब उतरत नसतो.”

“चार कागद वाटून मला शिकवून राहिलीस?”

“हाव!”

पलंगावरून जड जिभेनं मामी म्हणाली, “आवं, तेल लावा... पर गोळी बी द्या.”

जन्मात तिनं मागितलेलं मला आठवतं ते एवढंच. मामांनी फडताळ उघडलं. तेव्हापासून ते वेळेवर गोळी देतात, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करून घेतात, आणि तेल स्वतः तापवून तिच्या पाठीला लावतात. सुरुवातीला दोन वाट्या जाळल्या.

हात थोडा हलायला लागला तो व्यायामानं. पत्रकात मी हेच छापणार. दिवाळीच्या पहाटे मामीनं वाटी पुढ्यात ओढली आणि मामांना म्हणाली, “बसा खाली.” थरथरती बोटं तेलात बुडवून त्यांच्या टकलापर्यंत न्यायला तिला फार वेळ लागत होता. अर्धं तेल वाटेतच सांडत होतं. मी वाटीला हात लावून पाहिला.

“मामा, तेल पार गार झालंय. तापवून आणू?”

त्यांनी मान वर केली नाही.

“बस गं गुमान. कोमटच हाय.”