अदमास

आमच्या गावात अदमास हा शब्द रोजचा होता. डाळीत मीठ अदमासे पडे, कपाशी किती निघेल ते झाडाकडे बघून अदमासे सांगत. मोजमाप नसले की जाणत्या माणसाने जे धरून चालायचे, तो अदमास. पण आबाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो शब्द चालण्यासाठी वापरला. तेव्हापासून माझ्या लेखी त्याचा तोच एक अर्थ राहिला.

सोनगीरच्या अलीकडे आमचे शेत होते. तिथे विहीर खोदताना एक सुरुंग उशिरा उडाला आणि काळ्या दगडाच्या कपऱ्या आबाच्या दोन्ही डोळ्यांत गेल्या. धुळ्याच्या दवाखान्यात पट्टी सोडली तेव्हा मी शेजारीच उभी होते. आबाने विचारले, "सोडी का पट्टी?" डॉक्टरांनी सुटलेली पट्टी त्याच्या हातात ठेवली. मग तो म्हणाला, "बरं."

तेव्हापासून मी त्याची काठी झाले. माय शेतात राबायची. मी आबाला मारुतीच्या पारावर नेऊन बसवायची आणि ऊन चढले की परत आणायची. त्याचा हात माझ्या खांद्यावर असे. मी वाढत गेले तसा तो हात वर सरकत गेला.

बोदवडच्या एका शाळामास्तरांचे स्थळ आले. मी मायला चुलीपाशी सांगितले, "माले लगीन नही करनं. आबाले कोण नेई?" आबा ओट्यावर बसला होता. त्याने ऐकले असणार, कारण दुसऱ्या दिवशी मी खांदा पुढे केला तर त्याने हात मागे घेतला.

"आज नको. मी अदमासे चालसू."

"पडशी ना आबा!"

"कसा पडसू? तेल्याना घाणाकडथून वास येस, तठे वळनं. मंग उतार लागस. पायले समजस बठ्ठं."

आणि तो निघाला. एक हात भिंतीला, एक हवेत. मी मागे गेले. तो थांबला आणि मान न वळवता म्हणाला, "मांगे येऊ नको. तुन्या बांगड्या वाजतस."

मी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि वहाणा काढून मागे जात राहिले. घाण्यापाशी तो वळला, उतारावर पाय जपून टाकला आणि पाराला हात लागताच मोठ्याने हसला. पारावरची माणसे म्हणाली, "वा आबा, आपला आपण आला!" महिनाभर असेच चालले. एकदाही त्याची वाट चुकली नाही. मग मी लग्नाला हो म्हटले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पहिल्यांदा माहेरी आले. आबा खाटेवर बसला होता. मी पाया पडले तर त्याची पावले मऊ लागली, आजारी माणसाची असतात तशी. टाचांना ना भेग, ना धूळ. मी मायकडे बघितले. ती मला मागच्या दारी घेऊन गेली.

"तू गयी, तवय एक दिन निंघना. घाणापावत गया, तठेच उभा राहिना. लोकेस्नी घर आणं. मंग उंबरा वलांडा नही."

"पन मी व्हती तवय तर जाये रोज."

"तू मांगे राहे ना."

मी आबापाशी जाऊन बसले. मी विचारायच्या आधी तोच बोलला. "तू मांगे शे, हाई माले माहीत व्हतं. चुकनू तर तू आरडशी, एवढाच मना अदमास."

"चाल ना आबा, आत्ते जाऊत पारवर. मना खांदा धर."

त्याने मान हलवली. "नको. आठ दिनमां तू परत जाशी. मंग पुन्हा सवय मोडनी पडी."

सासरी गेल्यावर मी मास्तरांना या शब्दाचा अर्थ विचारला. ते म्हणाले, अंदाज.

पुढच्या आखाजीला आबा नव्हता. हिवाळ्यात तापाने गेला. निरोप पोचला तोवर सगळे झाले होते. त्यामुळे त्या पहिल्या आखाजीनंतरची निघण्याची सकाळ हीच आमची शेवटची भेट.

गाडी जुंपली होती, मी वर बसले होते. आबा मायच्या आधाराने ओट्यापर्यंत आला. माय शिदोरी आणायला आत गेली. बैल हलले, घुंगरे वाजली आणि आबाने हात वर करून हलवायला सुरुवात केली. पण गाडी उभी होती डावीकडे, आणि तो हात हलवत होता उजवीकडच्या रिकाम्या गल्लीकडे. तोंडावर हसू होते. मी गाडीवानाला थांब म्हटले, खाली उतरले आणि त्या गल्लीत, त्याच्या हातासमोर जाऊन उभी राहिले. "येस हां आबा," मी म्हणाले. त्याचा हात थांबेपर्यंत मी तिथून हलले नाही.