जुरुसान कुठली?

पावसाळा नसताना आमच्या गल्लीला पूर येतो तो नव्या मुलींचा. बरोबर आई, बाप, तांदळाचं पोतं, भाताचा विजेचा कुकर आणि एक टेबलफॅन. सुमात्राहून आलेली असो नाहीतर शेजारच्या तालुक्यातून, सामान हेच. फरक फक्त रडण्यात. लांबून आलेल्या मुली स्वतः रडतात, जवळच्या मुलींचे बाप रडतात.

योग्याकार्तात राहायचं तर एकतर विद्यार्थी असावं लागतं, नाहीतर विद्यार्थ्यांवर जगावं लागतं. मी दुसऱ्या गटातला. गल्लीच्या तोंडाशी माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि समोर बू सुपार्तींचं मुलींचं वसतिगृह. बारा खोल्या, दोन न्हाणीघरं, एक सामाईक फ्रीज आणि सगळ्यांवर एक बू सुपार्ती. बू म्हणजे आई, आणि कुठल्याही मोठ्या बाईलाही बूच, जसं पुरुषाला पाक. भाडेकरू मुली त्यांना बू म्हणतात आणि पोटची मुलगीही बूच म्हणते. त्यामुळे मागच्या अंगणातून "बू!" अशी हाक आली की त्या न बघताच विचारतात, "पाणी गेलं का?"

दुसऱ्या घरमालकिणी दारात आलेल्या मुलीला किती महिने राहणार ते विचारतात. बू सुपार्ती विचारतात, "जुरुसान कुठली?"

कॉलेजात जो विषय धरायचा त्याला आम्ही जुरुसान म्हणतो. आणि बस ज्या दिशेला जाणार, तीही जुरुसानच. लग्नाआधी बू सुपार्ती बसस्थानकावर तिकिटं द्यायच्या. "जुरुसान कुठली? जुरुसान कुठली?" असं दिवसभर ओरडून गळ्याला जो सूर बसला तो बसलाच. पोरगी बिचारी "अर्थशास्त्र" म्हणते, आणि आता कोणीतरी आपली पेटी टपावर फेकणार या भीतीने तिचा बाप पेटी घट्ट धरतो.

"माणसं गाडीचा रंग बघून चढतात हो, पाक वागीमान," त्या मला सांगायच्या. "काचा चकचकीत, खुर्ची मऊ, आत गारेगार. बसल्या बसल्या डुलकी. जाग येते तेव्हा भलतंच गाव. अरे, पाटी वाचायला काय तिकीट लागतं?"

ज्यांचं अजून ठरलेलं नसे असे आई-बापही त्यांच्याकडे यायचे. कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून फोटो काढायला त्यांची सक्त मनाई. त्या सरळ उपाहारगृहात न्यायच्या. "चहा घ्या आणि गप्प बसा. पोरं कशाबद्दल कुरकुरतात ते ऐका." प्रयोग जमत नाही, सरांचं म्हणणं पटत नाही, अशी कुरकुर असली तर जागा चांगली. चहा संपेपर्यंत विषयाचं नावसुद्धा निघालं नाही, तर उठायचं आणि दुसरं कॉलेज बघायचं.

एकदा आत शिरल्यावर काय करायचं, त्याचेही त्यांचे विचार होते. तासाभरावरच्या मागेलांगची एक मुलगी दर शनिवारी घरी पळायची. तिला त्यांनी दारातच अडवलं. "काय गं, कॉलेजसाठी इथे राहतेस की घरी जायला मिळावं म्हणून कॉलेजात येतेस? या शनिवारी पापुआच्या मुलींबरोबर जेव. त्यांना तुझं तिखट झेपत नाही आणि तुला त्यांचा साबुदाण्याचा चीक. दोघी मिळून रडा." आंबोनहून आलेली योसिना तर फारच बुजरी. तिला म्हणाल्या, "गुण कापले म्हणून सरांकडे जाऊ नकोस. काही काम नसताना जा. कामाला आलेली माणसं सर विसरतात, बिनकामाची लक्षात राहतात." ती गेली. सरांनी बिनकामाची बघून तिला खोलीतली माशांची टाकी धुवायला लावली. वर्षाअखेरीस सर समुद्राच्या पाहणीला निघाले तेव्हा योसिना त्यांच्या बोटीत होती.

असं सगळं शहाणपण बारा खोल्यांत वाटून झाल्यावर बू सुपार्तींच्या मुलीची वेळ आली.

वेनिंग एकुलती एक. बाप ती लहान असतानाच गेलेला. शांत मुलगी, पण हातात कायम स्क्रूड्रायव्हर. वसतिगृहाचा पंप तिच्यामुळे चालायचा, मुलींचे पंखे तिच्यामुळे फिरायचे, आणि सामाईक फ्रीज तर तिने इतक्यांदा उघडला होता की त्यात मूळचं काय उरलंय याबद्दल मला शंका होती. तिला बांडुंगच्या तंत्रनिकेतनात शीतकरण शिकायचं होतं. गारवा कसा तयार करायचा, कसा टिकवायचा, ते. मासळी, औषधं, रक्त, सगळं ज्याच्या जोरावर टिकतं ते.

बू सुपार्तींना हवं होतं आपलं मोठं विद्यापीठ. घरापासून चालत दहा मिनिटांवर. जन्मभर ज्याच्या मुलींची न्हाणीघरं घासली, ते. तिथे वनशास्त्राला गर्दी कमी असते असं कुणीतरी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी वेनिंगला तेच भरायला लावलं. नशीब असं की पोरगी दोन्हीकडे लागली. रविवारी गल्लीला जेवण ठरलं. सोमवारी विद्यापीठात नाव पक्कं करायची शेवटची तारीख.

शुक्रवारी बू दुकानात आल्या. विद्यापीठाच्या निकालाची मोठी रंगीत प्रत हवी होती, चौकटीत लावायला.

मी म्हटलं, "बू, पाटी वाचलीत ना?"

"तुम्ही झेरॉक्स काढा, पाक वागीमान. जे कागदावर आहे तेच छापायचं असतं."

मी यंत्र चालू केलं. तेवढ्यात मागून वेनिंग आली आणि म्हणाली, "बू, उद्या उपाहारगृहात चला."

"कुठल्या?"

"वनशास्त्राच्या. तुम्ही सगळ्यांना नेता. मला नाही नेलंत."

बूंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रत वाळवल्यासारखं करू लागलो. खरं तर झेरॉक्सची प्रत ओली नसते.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. मला नेलं ते साक्षीदार म्हणून की पंच म्हणून, हे दोघींपैकी कोणी सांगितलं नाही. बसलो, बर्फ घातलेला चहा घेतला, सोयाबीनचं तळलेलं टेंपे घेतलं आणि गप्प बसलो. आणि काय सांगू, जागा फारच चांगली निघाली! शेजारच्या टेबलावर चार पोरं सागाच्या जंगलावरून भांडत होती. एक म्हणत होता, मधली काही झाडं तोडल्याशिवाय जंगल वाढत नाही. दुसरी म्हणाली, "तुला तोडल्याशिवाय मीसुद्धा वाढणार नाही." तिसऱ्याच्या बुटाला चिखल, चौथीच्या हातावर कसलासा चावा, आणि तोंडावर लग्नातल्यासारखा आनंद.

बूंचा चेहरा फुलला. "ऐकलंस? बघ कसा जीव लावलाय विषयाला! आहे का काही बोलायला?"

"चांगलं आहे, बू. खरंच चांगलं आहे." वेनिंगने ग्लास खाली ठेवला. "पण तो आवाज येतोय ना, खर्र खर्र, तो मघापासून माझ्या डोक्यात घुमतोय."

आम्हाला कसलाच आवाज आला नव्हता. कोपऱ्यात थंड पेयांचं कपाट होतं, त्याकडे तिने बोट केलं. मग नीट ऐकल्यावर मलाही खरखर ऐकू आली.

"मागचा पंखा कशाला तरी घासतोय," ती म्हणाली. "ती दोघं सागावर भांडत होती ना, तेव्हा मी पंख्याचाच विचार करत होते. ऐकायचा प्रयत्न केला, बू. दोनदा केला."

बू सुपार्ती चहातला बर्फ चमच्याने ढकलत राहिल्या. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "या गाडीत खोट नाही."

"नाही, बू."

"ड्रायव्हर चांगला, माणसं चांगली. मीच बसले असते."

"बसा ना मग," वेनिंग म्हणाली, आणि जीभ चावली.

बू हसल्या. हसता हसता डोळे पुसले आणि पुसता पुसता रागावल्या. "बांडुंग लांब आहे गं! मी रोज दारात दुसऱ्यांच्या पोरी उतरवून घ्यायच्या, आणि माझीच..." पुढचं वाक्य त्यांनी टेंपेबरोबर गिळलं. मला आता कळलं की मोठ्या विद्यापीठाचं एक मोठेपण असंही होतं. ते चालत दहा मिनिटांवर होतं.

परतताना दोघी पुढे चालत होत्या. बू एवढंच म्हणाल्या, "त्या कपाटवाल्याला सांगून यायचंस पंख्याचं."

"सांगितलं. तुम्ही डोळे पुसत होतात तेव्हा."

रविवारी गल्ली जमली. हळदीच्या भाताचा उंच सुळका, भोवती कोंबडी, अंडी, भाज्या. गल्लीचे प्रमुख पाक हर्जोनो भाषण लिहून आले होते. ते भाषण करतात तेव्हा भात गार होतो, म्हणून बायका झाकण ठेवूनच उभ्या असतात. त्यांनी सुरुवात केली, "वृक्ष म्हणजे मानवाचा..."

"पाक हर्जोनो," बू सुपार्ती म्हणाल्या, "जरा थांबा. जुरुसान बदलली."

मग गल्लीकडे वळून म्हणाल्या, "पोरगी बांडुंगला जातेय. शीतकरण शिकायला. मोठ्या विद्यापीठात लागली होती, ती तिच्या गुणांनी. तिथे जाणार होती, ती माझ्या हौसेने. हौस माझी होती, तर जेवणही माझंच. जेवा पोटभर."

पाक हर्जोनो हातातल्या कागदाकडे पाहत म्हणाले, "अहो, पण मी सगळी झाडंच लिहून आणलीत. आता काय करू?"

"झाडं राहू द्या की. झाडाखाली गारवा असतोच. तिथून पुढे गारव्यावर या."

आणि खरोखर ते आले! सावलीवरून गारव्यावर, गारव्यावरून मासळीवर, आणि मासळीवरून थेट देशाच्या प्रगतीवर. त्यांचं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात चांगलं भाषण ते.

सुळक्याचं टोक कापून बूंनी वेनिंगच्या ताटात ठेवलं. तो मान वडीलधाऱ्यांचा असतो, पण त्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही. तिने घास उचलला तोच कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, "काय गं, आमचा फ्रीज परवापासून नुसताच गुरगुरतोय." मग दुसरी म्हणाली, आमच्यात तर बर्फच होत नाही. तिसरीला आपल्या दुकानातलं आइस्क्रीमचं खोकं आठवलं.

"अहो, अजून गेलीसुद्धा नाही ती!" बू कडाडल्या. "तीन वर्षं तरी थांबाल की नाही?"

वेनिंग उठलीच होती. लाँड्रीवाल्या बाई पुढे, ती मागे. बू सुपार्तींनी तिचं ताट उचललं, दुसरं ताट त्यावर पालथं घातलं आणि आपलं तसंच न वाढलेलं ताट घेऊन शेजारी बसल्या.

"जेवा ना बू," मी म्हटलं.

"येऊ दे तिला. अजून महिनाभर तरी बरोबर जेवता येईल."